स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतल्यावर पुढच्या टायरांची आतली कड झिजते आहे

खंबाटकीचा_प्रवासी:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१९ची स्विफ्ट आहे. मागच्या वर्षी तिला साधारण ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, मात्र शॉकअब्झॉर्बर मूळचेच ठेवले. काम झाले त्याच संध्याकाळी अलाइनमेंटही करून घेतली. टायर तेव्हा नवे होते, माप १८५/६५ आर १५. आता त्यांवर ९,००० किमी झाले आहेत.

गेल्या रविवारी गाडी धुताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवले होते म्हणून पुढच्या टायरांची आतली बाजू नजरेस पडली, नाहीतर हे लक्षातही आले नसते. बाहेरच्या खाचेची खोली साडेपाच मिमी, मधल्या खाचेची पाच आणि आतल्या खाचेची जेमतेम दोन मिमी भरली. हवा दर पंधरवड्याला तपासतो. स्टिअरिंग सरळ आहे आणि गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही. दुकानदार म्हणतात, "कॅम्बर गेला आहे, पुढचा स्ट्रट जॅकने दाबून सरळ करून देतो." (कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बरचा उभा जोड.) हे करावे का, की मूळ स्प्रिंगा परत घालाव्यात?

टाय_रॉड:

दाबून सरळ करण्याचे काम कृपया करू नका. स्ट्रट किंवा नकल (चाक धरणारा धातूचा भाग) जॅकने वाकवला की कागदावरचा आकडा सुधारतो, पण शॉकअब्झॉर्बरचा दांडा त्याच्या नळीत तिरका घासू लागतो आणि पाचसहा महिन्यांत सीलमधून तेल झिरपायला लागते. दुकानात अशा गाड्या माझ्याकडे नियमित येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा कॅम्बर ऋण बाजूला जातो, म्हणजे चाकाचा माथा आत कलतो. ३५ मिमीसाठी हा फरक साधारण अर्धा ते एक अंश धरावा. तेवढ्या कॅम्बरने ९,००० किमीत कड अशी खाल्ली जात नाही. खरा चोर बहुधा टो आहे, म्हणजे वरून पाहता चाके पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर वळलेली असणे. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) यांची लांबी व कोन वेगवेगळे असल्यामुळे गाडी बसते तेव्हा दोघांची टोके सारख्या कमानीत फिरत नाहीत, आणि अशा मांडणीच्या बहुतेक गाड्यांत पुढची चाके बाहेर उघडतात, म्हणजेच टो आउट होतात. चाक तिरके धावत रस्त्यावर घासते आणि कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर असल्याने ती घासणी तिथेच जमा होते.

गाडी ओढत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही चाके सारखीच उघडली असतील तर ती एकमेकांना तोलून धरतात आणि गाडी सरळच जाते. टायरवरून हाताचा तळवा आधी आतून बाहेर व मग बाहेरून आत फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे हे नक्की समजा. अलाइनमेंटचा छापील कागद असेल तर त्यातील आकडे इथे लिहा.

जुना_वाहनचालक:

तांत्रिक बाजू वरील सदस्यांनी नेमकी मांडली आहे. मला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांचा रोख असा आहे की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. स्प्रिंगा त्यात कितपत येतात यावर वाद घालता येईल, परंतु अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक तो वाद आपल्या बाजूने घालणार नाही, तेव्हा विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. स्विफ्टचे मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, त्यातून ३५ गेले की उरले १२८, तेही रिकाम्या गाडीचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढ्या रुंद गोलाईवर स्विफ्टची दोन्ही चाके एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे पोटाखाली चारपाच सेंटीमीटरच जागा लागते. अडचण येते ती गावागावांत हाताने घातलेल्या, हातभर रुंदीच्या डांबरी उंचवट्यांची. तिथे पोट घासले नाही तरी लोअर आर्म आणि त्याचे बुश (सांध्यातले रबर) मार खातात, आणि बुश ढिला झाला की कितीही अलाइनमेंट केली तरी ती टिकत नाही.

खंबाटकीचा_प्रवासी:

दोघांचेही आभार. तळवा फिरवला, आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि परत येताना स्पष्ट करवत लागते. काल दुसऱ्या दुकानात फक्त मोजणी करून घेतली. डावा कॅम्बर उणे १ अंश ४० मिनिटे (६० मिनिटांचा एक अंश), उजवा उणे १ अंश २० मिनिटे, एकूण टो उणे २८ मिनिटे. मागच्या चाकांचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, आहेत. पण अलाइनमेंट केलेली असताना टो एवढा उघडला कसा?

टाय_रॉड:

आकड्यांनीच उत्तर दिले आहे. एकूण २८ म्हणजे एका चाकाला १४ मिनिटे. तुमच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी, त्यामुळे चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अडीच मिमी बाहेर आहे. डोळ्यांना ते दिसतही नाही. ढोबळ हिशेबाने मात्र असे चाक दर किलोमीटरला चार मीटर आडवे जाऊ पाहते, आणि ९,००० किमीत ही आडवी ओढ ३६ किमीची होते. त्याच्या शेजारी दीड अंश कॅम्बर ठेवून पाहिला तर तो बिचारा जवळजवळ निर्दोष ठरतो.

अलाइनमेंट केली तरी असे का झाले, याची मला दोन कारणे दिसतात. स्प्रिंग बसवल्याबरोबर गाडी पूर्ण खाली येत नाही. पहिल्या ५०० ते १,००० किमीत ती आणखी काही मिमी बसते, आणि तुमची मोजणी त्याआधीची आहे. दुसरे कारण जास्त दुर्लक्षित आहे. या कामात लोअर आर्मचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी जॅकवर टांगलेली असतानाच आवळले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. बुशाचे रबर बाहेरच्या व आतल्या नळीला चिकटलेले असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर आल्यावर सतत पिळलेले राहते. ते गाडीला वर ढकलत राहते आणि कालांतराने फाटते.

त्यामुळे आधी गाडी रॅम्पवर, चारही चाकांवर भार असताना, लोअर आर्मचे बोल्ट सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या. बुश फाटला असेल तर बदला. मग स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या बोल्टाच्या जागी विकेंद्री (मध्य बाजूला सरकलेला) कॅम्बर बोल्ट घालून दोन्ही बाजू साधारण उणे १ अंशावर समान करा. या गाडीला कॅम्बर जुळवण्याची मूळ सोय नाही, म्हणून हा बोल्ट लागतो. टो सगळ्यांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. त्या वेळी चालकाच्या आसनावर कोणीतरी बसलेले असावे आणि दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले जावेत, नाहीतर स्टिअरिंग तिरके होईल. तुम्ही बहुतेक वेळा एकटेच गाडी चालवत असाल तर टो शून्याच्या जवळ, किंचित आत ठेवायला सांगा.

मागची चाके हिरवी आहेत यात नवल नाही. टॉर्शन बीममध्ये (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या तुळईत) गाडी खाली आली तरी कॅम्बर आणि टो फारसे बदलत नाहीत. मूळ शॉकअब्झॉर्बरवर मात्र लक्ष ठेवा. आखूड स्प्रिंगेवर त्यांना खाली जायला जागा कमी उरते आणि ते बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) वारंवार आपटून लवकर थकतात. मागच्या टायरावर वाटीसारखे खळगे दिसू लागले, तर ते अलाइनमेंटचे नव्हे, शॉकअब्झॉर्बरचे लक्षण समजा.

खंबाटकीचा_प्रवासी:

शनिवारी रॅम्पवर काम झाले. डावा बुश फाटलेलाच निघाला. तो बदलून, कॅम्बर बोल्ट घालून आता दोन्ही बाजू उणे १ अंश आणि एकूण टो अधिक ४ मिनिटे आहे. झिजलेले टायर मागे टाकावेत का?

टाय_रॉड:

टाकू नका. आतली खाच दोन मिमीवर आहे, १.६च्या झीजखुणेपर्यंत जेमतेम अर्धा मिमी उरला आहे आणि पावसाळा तोंडावर आहे. मागची पकड आधी सुटली तर ओल्या घाटात गाडी सावरत नाही. दोन नवे टायर घेऊन मागे बसवा, मागचे सध्याचे टायर पुढे आणा, आणि १,००० किमीनंतर टो पुन्हा एकदा मोजून घ्या.