जयपूरला दुसऱ्यांदा जायचं असेल तर

जयपूर एकदा बघितलं की झालं, परत जाऊन काय करणार असं तुम्ही लिहिलंयत, पण मला अगदी उलट वाटतं. दुसऱ्या खेपेला आमेर, जलमहाल वगैरे सगळं सोडलं आणि जंतरमंतर या जुन्या वेधशाळेतच अख्खी सकाळ काढली. तिथे गाईड घ्याच. सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या अवाढव्य सूर्यघड्याळाची, सावली डोळ्यांदेखत सरकते हो, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, एखाद्या खुणेवर नजर ठेवून उभं राहिलं की बघता बघता ती खूण सावलीत जाते आणि मग कळतं जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाने 27 मीटर उंच बांधकाम कशासाठी केलं ते.

हवामहलचंही तेच, सगळे रस्त्यावरून फोटो काढून निघतात, पण ती मागची बाजू आहे, आत शिरायचं पलीकडून. वर चढायला उतार आहेत आणि जाळीला डोळा लावला की खालचा बाजार स्पष्ट दिसतो, खालच्यांना मात्र आपण दिसत नाही.

जोहरी बाजारात सकाळी दुकानं उघडायच्या आत पायी फिरा, 1727 पासूनची सरळसोट आखणी तेव्हाच नीट कळते, आणि तो गुलाबी रंग खरं तर गेरूकडे झुकणारा आहे हेही.

फक्त ढगाळ दिवशी जंतरमंतर नको, ऊन नसेल तर सावलीची यंत्रं चालतच नाहीत.