मदत हवी आहे : तिरंदाजाला नेम धरण्यापलीकडे काम काय द्यावं?

मंडळी, मालवणात आम्ही काही जण फाशांवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा खेळ) रचतोय. कथा काल्पनिक, पण किल्ला सिंधुदुर्गासारखा: चहूबाजूंनी पाणी, नागमोडी तट, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.

घोडं अडलंय तिरंदाजापाशी. तलवारवाला सरकतो, अडवतो, ढकलतो. हा मात्र दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो आणि गप्प बसतो. म्हणून ठरवलंय: नेम धरण्यात एक पाळी घालवली तर फाशाच्या आकड्यात अधिक तीन, जंगीतून (तटातल्या मारा करायच्या भोकातून) मारा केला तर आडोसा मिळेल पण दिशा एकच, हलत्या होडीतून वजा दोन. शिवाय शिंग आणि स्नायू सरसाने जोडून केलेलं धनुष्य आपल्या पावसात ढिलं पडतं, एकसंध बांबूचं त्या मानाने टिकतं. हा नियम मला सोडवत नाही, पण दर वेळी हिशोब कोण करणार?

दुसरं, वर्ग, म्हणजे पात्राचा ठरलेला पेशा. तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) पुढे धनुष्य शिकायचं असेल तर? वर्गच काढून नुसती कौशल्यं विकत घ्यायला दिली, की सगळी पात्रं सारखीच होतात. एक मूळ वर्ग आणि वर दोन उसनी कौशल्यं, असं कुणी खेळून पाहिलंय का? आणि बाण मोजता, की सोडून देता? शनिवारी बसतोय, त्याआधी सांगा.