शार्लट्स वेब ऐकायचंय, व्हाइटच्या आवाजात की मेरिल स्ट्रीपवालं?

मीठभाकर:
मे महिन्यात पुण्याहून रत्नागिरीला गाडीने जातोय. लेक साडेसहा वर्षांची, गाडीत पुस्तक धरलं की तिला मळमळतं म्हणून यावेळी गोष्ट लावायची ठरवलीये. शार्लट्स वेब या डुक्कर आणि कोळिणीच्या मैत्रीच्या इंग्रजी पुस्तकाचे दोन ऑडिओ सापडले, एक खुद्द लेखक ई. बी. व्हाइटने वाचलेलं आणि एक २०१९ चं, त्यात मेरिल स्ट्रीप निवेदन करते आणि पात्रांना वेगवेगळे कलाकार आहेत. घरी आम्ही मराठीच बोलतो, इंग्रजी भरभर आलं की तिला कळेनासं होतं. कोणतं घेऊ? आणि शेवटी ती कोळीण, शार्लट, मरते ते गाडीत ऐकवावं का? मी कॉलेजात वाचलं तेव्हा रडले होते.

दुपारचा_चहा:
व्हाइटचंच घ्या. १९७० चं रेकॉर्डिंग आहे, सत्तरीचा माणूस, प्रत्येक पात्राचे आवाज वगैरे काढत नाही, ओसरीवर बसून आजोबा सांगतायत तसं सावकाश वाचतो, त्यामुळे लेकीला समजेल. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतावर तो स्वतः डुकरं पाळायचा, त्यातलं एक आजारी पडून गेलं, जीव तोडून सेवा केली तरी वाचलं नाही, त्यावर त्याने १९४८ मध्ये लेख लिहिला. मग १९५२ मध्ये हे पुस्तक आलं आणि यातलं डुक्कर वाचतं! शार्लट जाते तो भाग वाचताना त्याचा घसा दाटून यायचा, १७ टेक झाले म्हणतात. ऐकताना मात्र रडवेपणा अजिबात नाही, सरळ वाचलंय, म्हणूनच ते जास्त लागतं.

घाटावरची:
मला पटत नाही, निदान पहिल्यांदा ऐकायला तरी. माझ्या मुलाला एकाच आवाजात गोठ्यातली बोलणी कळेनात, आता मेंढी बोलतेय की टेम्पलटन उंदीर हेच विचारत बसायचा. २०१९ चं लावलं आणि प्रश्न थांबले. ती हंसीण प्रत्येक शब्दाला शेपूट लावून तीनतीनदा बोलते ना, ते ऐकून आमच्याकडे आठवडाभर 'नक्की-अक्की-अक्की' चालू होतं. व्हाइटचं आम्ही वर्षभराने ऐकलं, तेव्हा गोष्ट पाठ होती म्हणून त्याला फार आवडलं.

रानजाई:
मरणाबद्दल सांगते. ऐकवा, पण २१वं आणि २२वं प्रकरण सलग ऐकवा. २१व्यात ती एकटी जाते, पण २२व्यात वसंतात तिच्या ५१४ अंड्यांतून पिल्लं निघतात, बहुतेक सगळी रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर उडून जातात आणि तीन विल्बर डुकराच्या दारात राहतात. मध्येच घर आलं आणि गाडी थांबली तर पोराच्या मनात फक्त मरण राहतं, आमचं तसंच झालं होतं, लेक रात्री उठून रडली.
अजून एक, जाळ्यात शार्लट पहिल्यांदा 'सम पिग' (कौतुकाने, म्हणजे काय झकास डुक्कर!) लिहिते तिथे पॉज करून मराठीत सांगा. आपल्याकडे डुक्कर म्हणजे शिवी, 'काय डुक्कर आहे' म्हटलं तर सगळं उलटंच होतं. लेकीने आपणहून 'भारी डुक्कर' केलं, त्याहून चांगलं मला तरी सुचलेलं नाही.

मीठभाकर:
'भारी डुक्कर' घेतलं! २०१९ चं लावतेय, व्हाइटचं दिवाळीत. आंबा घाटाच्या आधी मलकापूरला आम्ही चहाला थांबतोच, शेवटची दोन प्रकरणं तिथे गाडी बंद करून तिला मांडीवर घेऊन ऐकेन.