मदत हवी आहे : आफ्रिकी बेडकाच्या एल आणि एस जनुकजोड्यांची मोजणी

नमस्कार मंडळी, बेळगावातून विचारतोय. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाचा जाहीर आरएनए-सीक्वेन्सिंग डेटा (कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजणारा) घेतलाय. या बेडकाच्या गुणसूत्रांच्या 18 जोड्या, सुमारे 1.7 ते 1.8 कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून त्याचा जीनोम (सगळा जनुकसंच) दुप्पट झाला. एका जातीकडून आलेला लांब गुणसूत्रांचा संच म्हणजे एल, दुसरीकडून आलेला आखूड गुणसूत्रांचा संच म्हणजे एस. 2016 च्या जीनोमनुसार निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे 56 टक्के जनुकं अजून दोन्ही प्रतींत आहेत, आणि गळती एस बाजूला जास्त. (खानापूरच्या भातशेतात पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला बेडूक साधा द्विगुणित, 26 गुणसूत्रांचा. तिथे ही भानगडच नाही.)

अडचण अशी : रीड्स (आरएनएचे वाचलेले तुकडे) 50 बेसच्या, एकेरी. एल आणि एस प्रतींचा क्रम जिथे तंतोतंत सारखा, तिथे रीड दोन्हीकडे बसते. रीड्स जीनोमवर बसवणाऱ्या स्टार सॉफ्टवेअरमध्ये तिचा मॅपिंग स्कोअर (जागेची खात्री) 255 ऐवजी 3 येतो आणि जनुकागणिक रीड्स मोजणारं फीचरकाउंट्स ती मोजतच नाही. परिणामी जोडी टिकलेली जनुकं मंद दिसतात, एकटी उरलेली जोरात. ‘एस बाजू दबली’ हा निष्कर्ष यातूनच खोटा निघेल, ही खरी भीती आहे.

सॅल्मन हे दुसरं सॉफ्टवेअर अशा रीड्स दोन्ही प्रतींत वाटून देतं, पण अगदी जवळच्या जोडीत ती वाटणी कितपत भरवशाची? की दोन्ही प्रतींत फरक असलेल्या बेसवरच्याच रीड्स मोजाव्यात? तसं केल्यास जनुकाची लांबी कशी धरायची? तपासणीसाठी क्यूपीसीआरचे (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचे) प्रायमर 3′ यूटीआरमध्ये (आरएनएच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात) घेणार आहे. प्रायमरच्या टोकाला एल आणि एस प्रतींत किती बेसचा फरक ठेवता तुम्ही?