मदत हवी आहे: घरखर्चाचा हिशेब सोपा कसा करावा? ३४ रकान्यांची शीट आता झेपत नाही

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते कळेल.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. दोघांच्याही नोकऱ्या, गृहकर्जाचा हप्ता चालू. लग्न झाल्यापासून हिशेब मीच ठेवते. आधी वही होती, करोनात एक्सेल शीट केली. ती वाढत वाढत ३४ रकान्यांची झाली. भाजी वेगळी, फळं वेगळी, रिक्षा, वह्या-पेनं, औषधं, सगळं सुटं सुटं. रोज रात्री मागची आवराआवर झाली की बँकेचे मेसेज बघत भरायला बसते.

पूर्वी सुटे पैसे दिले की विषय संपायचा. आता दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा यूपीआयवर. मागच्या महिन्यात माझ्या एकटीच्या खात्यावर १४७ नोंदी होत्या. निम्म्यांसमोर कुणातरी अनोळखी माणसाचं नाव. तो रिक्षावाला की इडलीवाला, हे चार दिवसांनी आठवत नाही. आठवण्यात अर्धा तास जातो आणि शेवटी ती रक्कम 'किरकोळ'मध्येच पडते.

तरीही मी हे चालू ठेवलं असतं. पण जूनमध्ये शाळेच्या फीचा पहिला हप्ता (३८,०००), आरोग्य विमा (२९,०००) आणि गाडीचा विमा (११,५००) एकाच पंधरवड्यात आले आणि मुदत ठेव मोडावी लागली. शीट तर पूर्ण भरलेली होती! मे महिन्यातला एक एक रुपया तिच्यात होता, पण जूनमध्ये ७८,५०० लागणार हे ती कुठेच सांगत नव्हती. तेव्हापासून वाटतंय, माझी मेहनत चुकीच्या जागी चालली आहे.

रकाने किती ठेवावेत? दुसरं, क्रेडिट कार्डाची खरेदी मी त्याच दिवशी लिहिते आणि नवरा बिल भरलं की ती रक्कम लिहितो, त्यामुळे एकच पैसा दोनदा धरला जातो. आणि तिसरं जरा नाजूक आहे. सासूबाईंना आम्ही महिन्याला ठरावीक रोख देतो. दूध, कामाच्या मावशी, इस्त्री हे त्या बघतात. त्याचा तपशील विचारला तर त्यांना लागतं, आणि ते बरोबरच आहे. मग ही रक्कम लिहायची कशी?

कृपया अ‍ॅप सुचवू नका. मेसेज वाचायची परवानगी मागणारं तर नकोच.

प्रतिसाद १
ताई, पाच रकाने पुरेत: हप्ते आणि बिलं, किराणा-भाजी, वरखर्च, वर्षाचे खर्च, बचत. ज्या रकान्यातला आकडा वाढला तरी तुम्ही काहीच बदलणार नाही, तो काढून टाका. कार्डाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. खर्च खरेदीच्या दिवशीच पडला. बिल भरणं म्हणजे देणं फेडणं, तो नवा खर्च नव्हे. आता जूनचं. वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका कागदावर लिहा, बेरजेला बाराने भागा आणि पगार झाला की तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या खात्याला यूपीआय जोडू नका.

प्रतिसाद २
१४७ नोंदींवर उपाय म्हणजे यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआयमधलंच छोट्या खर्चांचं पाकीट. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात, पाकिटात एकूण ५,००० पर्यंत ठेवता येतात, पिन लागत नाही. बँकेच्या नोंदींत पाकीट भरल्याची फक्त एक ओळ दिसते. मी दर सोमवारी १,५०० भरते आणि ते रविवारपर्यंत पुरवते. कोथिंबीर, रिक्षा, चहा सगळं त्यातून. हिशेबात एकच ओळ, 'वरखर्च १,५००'. आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर मर्यादा राहत नाही. आणि मोबाइल बदलण्याआधी त्यातली शिल्लक खात्यात परत घ्या.

प्रतिसाद ३
सासूबाईंना दिलेली रक्कम हाच तुमचा खर्च. एक ओळ लिहा, पुढचं त्यांच्यावर सोडा. माझी आई दुधाचा रतीब कालनिर्णयवर लिहायची. खाडा झाला की त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजून दूधवाल्याचे पैसे चुकते करायची. तिचा हिशेब कधी कुणी तपासला नाही आणि तो कधी चुकलाही नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून तो कागद केला. फीचे दोन हप्ते ७६,०००, आरोग्य विमा २९,०००, गाडीचा ११,५००, टर्म विमा १६,५००, मालमत्ता कर ७,०००, गणपती-दिवाळी २५,०००, गावी जाणं-येणं १५,०००. बेरीज १,८०,०००, म्हणजे महिन्याला १५,०००. आकडा बघून दोघंही गप्प झालो. इतकी वर्षं हे पैसे आम्ही 'उरलेले' समजत होतो.

सासूबाईंचं कॅलेंडरही आज पाहिलं. जुलैच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात 'मावशी नाही', 'दीड लिटर', 'इस्त्री १४ कपडे'. स्वयंपाकघरात रोज डोळ्यांसमोर असूनही मी ते कधी वाचलं नव्हतं.

एक अडचण उरली. ऑगस्टपासून सुरू केलं तर दिवाळीपर्यंत ४५,००० जमतील, पण तोवर फीचा दुसरा हप्ता आणि सण मिळून ६३,००० लागतील. मोडलेल्या ठेवीतले २२,००० शिल्लक आहेत. नवऱ्याचं म्हणणं, ते गृहकर्जात भरावेत. काय करावं?

प्रतिसाद १
त्यातले १८,००० आधी या खात्यात घाला, नाहीतर दिवाळीत पुन्हा जूनच येईल. तुमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असेल तर थोडी रक्कम आधी भरली म्हणून बँक दंड लावत नाही. ते पुढच्या वर्षीही करता येईल.