हीटरचे १२ व्होल्ट सेन्सर बोर्डावर गेले: एपिक्समधून चॅनल निवडताना काय चुकतंय?

थर्मोकपल_वाली
तीन चॅनलचा पॉवर सप्लाय लॅनवरून एपिक्सला (प्रयोगातली उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर प्रणाली) जोडलाय, स्ट्रीमडिव्हाइस (उपकरणाशी मजकुराच्या कमांडमधून बोलणारा तिचा भाग) वापरून. पहिल्या चॅनलवर ५ व्होल्टचा सेन्सर बोर्ड, दुसऱ्यावर पंखा, तिसऱ्यावर हीटर. या सप्लायला आधी कुठला चॅनल ते सांगावं लागतं, मग येणारी व्होल्टेजची कमांड त्याच चॅनलला लागते. म्हणून चॅनल निवडणारं एक रेकॉर्ड (एपिक्समधली एका मूल्याची किंवा कामाची नोंद) केलं आणि त्याच्या फॉरवर्ड लिंकवर, म्हणजे ते पूर्ण झालं की पुढचं चालवणाऱ्या जोडणीवर, व्होल्टेज लिहिणारं दुसरं. शिवाय तिन्ही चॅनलचं रीडबॅक, म्हणजे प्रत्यक्ष व्होल्टेज परत वाचणं, दर सेकंदाला चालू असतं.

दोन आठवडे सगळं सुरळीत होतं. परवा हीटरला १२ व्होल्ट दिले आणि बोर्ड जळाला. तो मी स्वतः सोल्डर केला होता, चार दिवस बसून. खूप वाईट वाटतंय. फॉरवर्ड लिंक तर लगेच चालते ना, मग मध्ये काय घुसलं?

आरसी_सर्किट
रीडबॅक घुसलं. निवडीचं रेकॉर्ड पूर्ण झालं की फॉरवर्ड लिंक चालते खरी, पण व्होल्टेजची विनंती पोर्टच्या (सप्लायशी असलेल्या जोडणीच्या) रांगेत नव्याने उभी राहते. तिच्या पुढे पहिल्या चॅनलचं रीडबॅक असेल तर ते आधी जातं, चॅनल एक निवडतं, आणि मग तुमचे १२ व्होल्ट पोचतात. दोन आठवडे तसा योग आला नव्हता, एवढंच.

निवड आणि काम एकाच प्रोटोकॉलमध्ये (स्ट्रीमडिव्हाइसने पाठवायच्या कमांडच्या क्रमात) घाला. प्रोटोकॉल सुरू झाला की संपेपर्यंत स्ट्रीमडिव्हाइस ते उपकरण दुसऱ्या रेकॉर्डच्या हाती देत नाही. चॅनलचा आकडा रेकॉर्डमधून प्रोटोकॉलला अर्ग्युमेंट म्हणून द्या. रीडबॅकलाही हेच: आधी निवड, मग प्रश्न. निवडीचं वेगळं रेकॉर्ड मात्र काढूनच टाका. राहिलं तर कुणीतरी कधीतरी स्क्रीनवरून ते दाबेलच.

मी स्वतः दोन्ही कमांड अर्धविराम देऊन एकाच ओळीत पाठवतो. इथे एक खाच आहे. अर्धविरामानंतर दुसऱ्या कमांडच्या सुरुवातीला कोलन द्यायलाच हवा. नाहीतर सप्लाय ती कमांड आधीच्या कमांडच्याच शाखेत शोधतो आणि उणे ११३ क्रमांकाची ('अशी कमांड नाही') एरर देतो. आणि मॅन्युअल नीट बघा, काही सप्लाय व्होल्टेजच्या कमांडमध्येच चॅनलची यादी घेतात. तुमचा घेत असेल तर तेच वापरा. मग 'आत्ता कुठला चॅनल निवडलेला आहे' ही भानगडच उरत नाही.

जुना_ऑसिलोस्कोप
वरचं अगदी बरोबर, पण स्ट्रीमडिव्हाइसचं ते कुलूप त्या एका आयओसीपुरतंच (रेकॉर्ड चालवणाऱ्या एपिक्सच्या प्रोग्रॅमपुरतंच) असतं. दुसऱ्या संगणकावरून कुणी पायथनची स्क्रिप्ट थेट सप्लायला जोडली तर तिला या रांगेचा पत्ताच नसतो. स्क्रिप्टनेही आयओसीतूनच बोलावं.

आता बोर्डाबद्दल. रेकॉर्डवर वरची मर्यादा घातली असती तरी तो वाचला नसता, कारण तिसऱ्या चॅनलच्या रेकॉर्डसाठी १२ हा आकडा योग्यच होता. चूक पुढे, वाटेत झाली. म्हणून सप्लायमध्ये सोय असेल तर पहिल्या चॅनलचं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन ५.५ व्होल्टवर ठेवा. ते उपकरणाच्या आत असतं, सॉफ्टवेअरने काहीही पाठवलं तरी आउटपुट बंद करतं. नवा बोर्ड लावण्याआधी हे करा, अगदी कळकळीने सांगतोय.

रिले_मोजणारा
थोडं बाजूचं. पुढेमागे रिले असलेला स्कॅनर (एकाच मीटरला आळीपाळीने अनेक चॅनल जोडणारं उपकरण) घेतलात तर दर सेकंदाला वाचू नका. तिथे चॅनल निवडणं म्हणजे खरोखरचा संपर्क जुळणं. सेकंदाला एकदा म्हणजे दिवसाला ८६,४०० वेळा. एक कोटी वेळांचं आयुष्य असलेला रिले ११६ दिवसांत संपतो. तापमान तर दहा सेकंदांनी वाचलं तरी चालतं. आणि संपर्क जुळल्यावर थोडं थांबून मगच मोजा, नाहीतर आधीच्या चॅनलचा अंश रीडिंगमध्ये येतो.

थर्मोकपल_वाली
सगळ्यांचे मनापासून आभार. निवडीचं रेकॉर्ड काढलं, दोन्ही कमांड एका ओळीत आणल्या. पहिल्यांदा कोलन विसरले आणि नेमकी उणे ११३ आली! आमच्या सप्लायला चॅनलची यादी चालत नाही. मग तिन्ही चॅनलवर नुसते रेझिस्टर लावले, रीडबॅक सेकंदाला दहा वेळा केलं आणि रात्रभर व्होल्टेज बदलत ठेवलं. सकाळी लॉग ओळीनओळ तपासला, एकही आकडा चुकीच्या चॅनलवर गेलेला नाही. प्रोटेक्शन ५.५ वर आहे. पहिल्या चॅनलला मुद्दाम ६ व्होल्ट देऊन पाहिले, आउटपुट लगेच बंद झालं. नवा बोर्ड आजपासून सोल्डर करायला घेतलाय.