वसतिगृहातील गेमिंग आणि वायरलेस अडॅप्टर : आपापले अनुभव लिहा

वसतिगृहाच्या खोलीत गेम खेळण्यासाठी वायरलेस अडॅप्टर (संगणकाला वाय-फायशी जोडणारे उपकरण) निवडताना काय पाहिले, कुठे फसलात आणि नेमक्या कशाने फरक पडला, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात माझ्यापासून करतो.

खोक्यावरचा मोठा आकडा पाहून मी नखाएवढा यूएसबी अडॅप्टर घेतला आणि तो कॅबिनेटच्या मागे, बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारच्या पोर्टमध्ये खोचून दिला. डाउनलोडचा वेग उत्तम होता, पण गेममध्ये ऐन मोक्याच्या क्षणी माझा खेळाडू जागीच थिजायचा. शेवटी कमांड प्रॉम्प्ट उघडून गेटवेला (नेटवर्कच्या प्रवेशद्वाराला) सलग पिंग लावले, म्हणजे तिथून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो, तेव्हा 3-4 मिलिसेकंदांच्या ओळींमध्ये अचानक 280, 310 असे आकडे दिसू लागले, आणि तेही हार्ड डिस्कवर काही कॉपी होत असतानाच! यूएसबी 3.0 ची उपकरणे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात, हे इंटेलने 2012 मध्येच एका टिपणात मांडले होते. मला ते अडॅप्टर घेतल्यावर कळले. साधी एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर टेबलाच्या कडेला आणला आणि ते उंच आकडे जवळजवळ नाहीसे झाले.

*

धागाकर्त्यांचा अनुभव वाचून हायसे वाटले, कारण मी पीसीआय-ई कार्ड (कॅबिनेटच्या आत बसणारा अडॅप्टर) घेऊनही याच वाटेने गेले. कार्ड चांगलेच होते. मात्र त्याचे अँटेना कॅबिनेटच्या पाठीमागे, पत्रा आणि लोखंडी कपाट यांच्या बेचक्यात अडकले होते. ज्या कार्डासोबत वायर असलेला, चुंबकाने चिकटणारा वेगळा अँटेना मिळतो, ते घ्यावे, असे माझे मत आहे. आता तो अँटेना मी कपाटाच्या माथ्यावर ठेवला आहे.

*

आमच्याकडे प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) आधी नोंदवावा लागतो. नवा अडॅप्टर म्हणजे नवा पत्ता, हे ध्यानातच आले नाही आणि नोंदणी होईपर्यंत दोन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढावे लागले.

*

खरेदीपूर्वी मोबाइलवरील वाय-फाय अ‍ॅनालायझरने खोलीची पाहणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेले 1, 6 आणि 11 एवढी तीनच, आणि मला त्यांवर तीसहून अधिक नेटवर्के दाटीवाटीने बसलेली दिसली. शिवाय रूममेटचा ब्लूटूथ हेडफोनही त्याच पट्ट्यात बोलतो. 5 गिगाहर्ट्झवर गेल्यानंतर सिग्नलची एक कांडी कमी झाली, कारण ही वारंवारता भिंतींपुढे लवकर नमते, तरीही पिंग मात्र स्थिर झाले. वाय-फाय 6 मधील ओएफडीएमए हे तंत्र (एकच चॅनेल एकाच वेळी अनेक उपकरणांत वाटून देणारे) गर्दीत उपयोगी आहे खरे, परंतु ते अ‍ॅक्सेस पॉइंटलाही, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रालाही, येत असले पाहिजे. आमच्या मजल्यावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट वाय-फाय 5 चाच निघाला, त्यात 6 गिगाहर्ट्झचा पट्टाच नव्हता, त्यामुळे 6 गिगाहर्ट्झचा महागडा अडॅप्टर मी परत केला आणि साधा, दुहेरी पट्ट्याचा (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचा) ठेवला. (दुकानदाराला हा प्रश्न विचारला असता तो नुसता हसला.)

*

माझा सूर थोडा वेगळा आहे. वायरलेसमध्ये एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकानेच बोलायचे असते, म्हणून रात्री दहानंतर सगळा मजला ऑनलाइन आला की सर्वोत्तम अडॅप्टरलाही रांगेत उभे राहावे लागते. मी दोन अडॅप्टर बदलले, ड्रायव्हर नव्याने टाकले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीजबचतीचा पर्यायही बंद केला. त्याने थोडाफार फरक पडला, पण रात्रीची रखडपट्टी काही संपली नाही. मग परीक्षेनंतर साफसफाईसाठी पलंग सरकवला, तर त्यामागच्या भिंतीत रंगाने अर्धवट बुजलेला लॅनचा (केबलने नेटवर्कला जोडण्याचा) पोर्ट सापडला. टाचणीने रंग खरवडून केबल लावली आणि दिवा लुकलुकला. दुसरा अडॅप्टर सध्या शेजारच्या खोलीत उसना गेला आहे. त्यांचा पलंग भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला आहे.